पायरेट्स स्प्रिंगफील्डला गेले तेव्हा पोर्टलंडला कुणी विचारलं होतं का?

कॅस्को_किनारा
परवा न्यू इंग्लंडमधल्या आइस हॉकीवरच्या गप्पांत एकाने लिहिलं: "मायनर लीगचे संघ येतात आणि जातात. खेळाडू सारखे वर-खाली होतात, जर्सीवरचं नाव बदलतं. मेन राज्यातल्या पोर्टलंडची मंडळी २०१६ साली गेलेल्या पायरेट्ससाठी अजून गळा काढतात, त्यात काही अर्थ नाही. ज्याला एएचएल (एनएचएल या मुख्य लीगच्या खालची पायरी) बघायचीय त्याने गाडी काढून प्रॉव्हिडन्सला जावं."

याला उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

प्रॉव्हिडन्सचा संघ आला कुठून? १९७७ साली पोर्टलंडमध्ये सिव्हिक सेंटर उभं राहिलं, मेन मरिनर्स आले आणि पहिल्याच मोसमात काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकले. पुढच्या वर्षी पुन्हा, मग १९८४ साली तिसऱ्यांदा. १९८७ साली तो संघ युटिकाला गेला आणि त्याच नावाने नवा संघ आला. १९९२ साली तो उचलून प्रॉव्हिडन्सला नेला. एक हिवाळा गेला आणि बाल्टिमोरचा संघ इथे पायरेट्स होऊन आला. त्यांनीही पहिल्याच फटक्यात, १९९४ साली, कप आणला. गोलात कोल्झिग होता, बाकावर प्रशिक्षक बॅरी ट्रॉट्झ. त्याच ट्रॉट्झने २०१८ साली वॉशिंग्टनला एनएचएलचा स्टॅनली कप जिंकून दिला. २००५-०६ मध्ये गेट्झलाफ आणि पेरी आमच्याकडे खेळले आणि २००७ साली अनाहाइमकडून स्टॅनली कप उचलला. "खेळाडू बदलतात" हे आम्हाला कुणी शिकवू नये. पोरगा वर जातो त्याचा आनंद होतो म्हणून तर आम्ही मायनर लीग बघतो.

आता मुख्य मुद्दा. सिव्हिक सेंटरची इमारत जुनी झाली म्हणून नोव्हेंबर २०११ मध्ये काउंटीतल्या लोकांनी मत देऊन ३.३ कोटी डॉलरचं कर्ज अंगावर घेतलं. त्यानंतर भाडेकरारावरून भांडण झालं आणि २०१३-१४ चा मोसम संघ लुइस्टनला खेळला. तेही गिळलं. संघ परत आला, लोक परत आले. आणि मे २०१६ मध्ये बातमी आली की संघ विकला, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला चाललाय.

संघ कधीच हलू नये असं मी म्हणत नाही. ज्या गावाने इमारतीसाठी कर्ज काढलं त्याला विक्रीआधी विचारलं पाहिजे, आणि तीच किंमत उभी करायला नव्वद दिवस दिले पाहिजेत. हे कलम भाडेकरारातच हवं. एवढंच मागतोय.

साउथ_एंड_स्प्रिंगफील्ड
गिऱ्हाईक आमच्या गावचं होतं, म्हणून मीच बोलतो.

त्या वसंतात आमची काय अवस्था होती ते तुम्ही सोयीने गाळलंत. आमचा एएचएल संघ फाल्कन्स, तो एनएचएलच्या ॲरिझोना कायोटीजने विकत घेतला आणि ट्युसॉनला न्यायचं ठरवलं. ज्या गावात एएचएलचं मुख्यालय आहे, जिथे १९२६ पासून व्यावसायिक हॉकी आहे, जिथल्या जुन्या इंडियन्स संघाने १९६०, ६१, ६२ असे सलग तीन कप घेतले, तिथे ऑक्टोबरात बर्फावर कुणीच नसणार होतं. तेव्हा गावातले व्यापारी एकत्र आले, काही आठवड्यांत पैसे उभे केले आणि बाजारात विकायला असलेला संघ घेतला. पोर्टलंडमधल्या कुणी पुढे येऊन तो घेतला असता तर आम्ही हात चोळत बसलो असतो.

आणि साहेब, १९९३ साली बाल्टिमोरला कुणी विचारलं होतं? त्या संघाचा पहिलाच कप साजरा करताना तिथल्या लोकांची आठवण झाली होती का? आमचे इंडियन्स १९९४ साली वूस्टरने नेले. त्याच मोसमात फाल्कन्स उभे राहिले म्हणून आम्ही वाचलो. या धंद्यात प्रत्येक गावाने कुणाचा ना कुणाचा संघ घेतलाय.

वूस्टरकर_नागपूरचा
आमचं नाव निघालंच आहे तर ऐका भाऊ. इंडियन्सचे आइसकॅट्स झाले, २००५ साली पिओरियाला गेले. मग शार्क्स आले, २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला गेले. पोर्टलंड आणि स्प्रिंगफील्ड एकमेकांच्या उरावर बसताहेत, पण खरी मेख एनएचएल क्लबांची आहे. त्यांना आपली पोरं हाताशी पाहिजेत. सकाळी कुणाला दुखापत झाली तर संध्याकाळच्या सामन्याला खालचा पोरगा हजर पाहिजे. मॅसॅच्युसेट्सहून कॅलिफोर्नियाला तो कधी पोचणार?

म्हणून जानेवारी २०१५ मध्ये एका फटक्यात पाच संघ कॅलिफोर्नियाला न्यायचं जाहीर झालं: वूस्टर, मँचेस्टर, नॉरफोक, ग्लेन्स फॉल्स, ओक्लाहोमा सिटी. मँचेस्टरच्या मोनार्क्सनी तर हे माहीत असताना त्याच जूनमध्ये काल्डर कप जिंकला. गावाने कप बघितला आणि संघ गेला. त्या लोकांसमोर कुणी "येतात आणि जातात" म्हणून दाखवावं.

क्लबच्या मालकीचा संघ असेल तर तुमचं नव्वद दिवसांचं कलम काय कामाचं? शार्क्सची मालकी सॅन होजेचीच होती. ते विकतच नव्हते, आपलं सामान आपल्या घरी नेत होते. व्हँकुव्हरने २०२१ साली युटिकाहून आपला संघ ॲबट्सफर्डला नेला, तोही असाच.

आम्ही रडत बसलो नाही. २०१७ साली ईसीएचएलचे (एएचएलच्याही खालची लीग) रेलर्स उभे केले. २०२१ पासून तर पोलर पार्कमध्ये बेसबॉलही आहे. गाव जागं असलं की संघ येतात.

ब्लॅकस्टोन_काठ
"संघ येतात"? वूस्टरकर, तो संघ आपोआप आला नाही. आमच्या ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटहून नेलात.

हा धागा हॉकीचा आहे हे ठाऊक आहे, पण हे वाक्य मी सोडणार नाही. मॅककॉय स्टेडियम १९४२ चं, पॉटकेटचा, बॉस्टन रेड सॉक्सच्या हाताखालचा बेसबॉल संघ १९७० पासूनचा. बेसबॉलमधला सगळ्यात लांबलेला व्यावसायिक सामना तिथे झाला. १९८१ च्या एप्रिलमध्ये रात्री सुरू झाला, पहाटे चारनंतर थांबवला तेव्हा ३२ डाव झाले होते (एरवी नऊ असतात), तरी बरोबरी. थंडीत १९ प्रेक्षक उरले होते. ३३ वा डाव जूनमध्ये झाला. पुढे बेसबॉलचे दिग्गज ठरलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन दोघे त्या सामन्यात होते.

माझे सासरे सांगलीहून यायचे तेव्हा कुठलं म्युझियम नको म्हणायचे, मॅककॉयला ने म्हणायचे. बेसबॉलचे नियम त्यांना कधी पूर्ण कळले नाहीत, पण वहीत चेंडूगणिक नोंद ठेवायचे. शेजारच्या बाकावरचे आजोबा त्यांना खुणेने समजावायचे. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालं की संघ वूस्टरला जाणार. सासऱ्यांना फोनवर कसं सांगायचं ते मला सुचेना. तुमच्या त्या झगमगत्या पार्कात मी अजून पाऊल टाकलेलं नाही आणि टाकणारही नाही.

वूस्टरकर_नागपूरचा
ताई, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं, पण राग चुकीच्या दारात आणलात. नव्या स्टेडियमचा प्रश्न ऱ्होड आयलंडमध्ये किती काळ लटकत होता? तुमच्या विधिमंडळाने शेवटी जो कायदा केला तो मालकांना परवडला नाही. आमच्या शहराने हो म्हटलं आणि कर्जरोखे काढले. ज्याला संघ पाहिजे त्याने खिशात हात घालायला पाहिजे.

ब्लॅकस्टोन_काठ
खिसा कुणाचा? करदात्यांचाच ना? आमच्या आमदारांनी लोकांचा पैसा जपला याची शिक्षा आम्हाला मिळाली आणि तुम्ही ते शौर्य म्हणून सांगताय!

हिशेब_दाखवा
आता कुठे मुद्द्यावर आलात.

पोलर पार्कचा खर्च १५ कोटी डॉलरच्या वर गेला. पोर्टलंडचे ३.३ कोटी वर आलेच आहेत. खासगी मालकाच्या धंद्यासाठी गावाने कर्ज काढायचं, फायदा त्याचा, आणि तो कंटाळला की गावाने गळा काढायचा. स्टेडियममुळे गावाची भरभराट होते हे बहुतेक अर्थतज्ज्ञ कधीच मान्य करत नाहीत. लोक करमणुकीवर जे खर्च करणारच असतात ते इथे न करता तिथे करतात, एवढंच. पलीकडच्या गल्लीतल्या खानावळीचं गिऱ्हाईक कमी झालेलं कुणी मोजत नाही.

घराचा कर भरताना माझ्या पोटात गोळा येतो. शाळेतली संगीताची शिक्षिका कमी केली तेव्हा गावाकडे पैसे नव्हते म्हणे. कॅस्को, तुम्हाला नव्वद दिवस पाहिजेत. त्या नव्वद दिवसांत पैसे कोण उभे करणार? पुन्हा गावच?

वूस्टरकर_नागपूरचा
पुस्तकातलं गणित नका सांगू. कॅनॉल डिस्ट्रिक्टमध्ये मी राहतो. पार्काच्या जागी आधी काय होतं ते तुम्ही बघितलंय का? आता तिथे संध्याकाळी माणसं दिसतात. माझ्या ओळखीच्या एका गुजराती कुटुंबाने त्या भरवशावर दुकान काढलं आणि ते चाललंय.

हिशेब_दाखवा
एका दुकानावरून शहराचा हिशेब मांडता? त्या रकमेत किती दुकानांना भांडवल मिळालं असतं ते सांगा.

वूस्टरकर_नागपूरचा
तुम्ही सगळ्याचीच किंमत काढता. उद्या बागेची काढाल, वाचनालयाची काढाल.

हिशेब_दाखवा
वाचनालय रातोरात दुसऱ्या गावाला जात नाही! हेच सांगतोय केव्हापासून!

गहुंजे_वारी
पुण्याहून वाचतोय, थोडं बोलू द्या. २०१८ साली कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंजेला आले. तिथल्या चाहत्यांनी कुरकुर केली नाही. खास रेल्वेगाडीने पिवळ्या जर्सी घालून इथवर आले. मी स्टेशनवर बघितलेत ते. संघावर प्रेम असेल तर माणूस संघामागे जातो. आमच्याकडे वॉरियर्स तीन मोसमांत संपले, सुपरजायंट्स दोनच मोसमांचे होते, तरी आम्ही स्टेडियमला जातोच. पोर्टलंडकरांनीही स्प्रिंगफील्डला जाऊन बघायला हरकत काय?

कॅस्को_किनारा
चेन्नई पुढच्या वर्षी घरी परतली. सगळा फरक तिथेच आहे. पाहुणा म्हणून गेलेल्या संघामागे लोक आनंदाने जातात. आमचा संघ नाव, रंग सगळं टाकून थंडरबर्ड्स झाला. तीन तास गाडी हाकून मी कुणाला टाळ्या वाजवायच्या? सुपरजायंट्सबद्दल मात्र मला खरंच विचारायचंय. २०१६ च्या दुष्काळात न्यायालयाच्या आदेशावरून महाराष्ट्रातले सामने बाहेर गेले, पुण्याचा संघ विशाखापट्टणमला खेळला. तेव्हा किती पुणेकर तिथे गेले?

गहुंजे_वारी
फार नसतील. पण ते पाण्यासाठी होतं, आणि लातूरला रेल्वेने पाणी जात असताना मैदानं भिजवायची नाहीत हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. त्याची तुमच्या विक्रीशी तुलना करू नका.

लेकीची_आई_वेस्टब्रुक
पोर्टलंडच्या बाजूची असून मी कॅस्कोंच्या विरुद्ध बोलणार आहे.

माझी मुलगी पायरेट्स गेले तेव्हा पाळण्यात होती. तिला फक्त आत्ताचे, ईसीएचएलचे मरिनर्स माहीत आहेत. २०१८ पासून ते त्याच इमारतीत खेळताहेत, २०२१ पासून एनएचएलच्या बॉस्टन ब्रुइन्सशी जोडलेले आहेत. म्हणजे आमचा पोरगा वर जातो तो आधी प्रॉव्हिडन्सला, मग बॉस्टनला. सामना संपला की खेळाडू काचेपाशी थांबतात, तिच्या हातमोज्याला हातमोजा लावतात. ती घरी येऊन झोपेपर्यंत त्याच गोष्टी सांगते.

आणि दरवेळी कुणीतरी बुजुर्ग शेजारी बसून सुस्कारा टाकतं, "पूर्वी इथे खरी हॉकी होती." काका, तुमच्या या शोकाने आमच्या संघाचा अपमान होतो. ईसीएचएलच्या पगारात दिवस काढून जी मुलं खेळतात ती खोटी हॉकी खेळत नाहीत.

कॅस्को_किनारा
ताई, सुस्कारे टाकणाऱ्यांत मी नाही. मरिनर्सचा मोसमी पास माझ्याकडेही आहे. पण २०१६ ते २०१८ मधले दोन हिवाळे तुम्ही विसरताय. माझा मुलगा तेव्हा शाळेच्या संघात होता. शनिवारी संध्याकाळी त्यांची सगळी टोळी सिव्हिक सेंटरला असायची. संघ गेल्यावर ती टोळी फुटली. दोघांनी हॉकी सोडली, त्यातला एक माझा. नवीन संघ आला तोवर त्याला त्यात गोडी उरली नव्हती. तुमच्या लेकीला मिळालं याचा मला आनंद आहे. पण मधल्या वयाच्या पोरांचं जे गेलं ते भरून आलं असं म्हणू नका.

आणि मरिनर्सही बाहेरच्या मालकाने अलास्काच्या बंद पडलेल्या एसेसची जागा घेऊन उभे केले होते. उद्या तेही विकले गेले तर तुमची लेक माझ्या मुलाच्या जागी असेल. म्हणूनच कलम हवंय म्हणतो.

लेकीची_आई_वेस्टब्रुक
हे शेवटचं मनाला लागलं. तरी सुस्काऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे.

साउथ_एंड_स्प्रिंगफील्ड
एवढं वाचल्यावर एक मान्य करतो, मनाविरुद्ध. पोर्टलंडच्या लोकांना बातमीतून कळायला नको होतं. आमच्या गटाने घाई केली कारण आमच्याकडे वेळ नव्हता, पण विकणाऱ्याकडे तोंड होतं, त्याने सांगायला हवं होतं.

मात्र उद्या पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा संघ आणण्याच्याच बाजूने उभा राहीन. २०२२ साली आम्ही अंतिम फेरीत पोचलो तेव्हा मेन स्ट्रीटवर जी गर्दी होती ती मी माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ते मी कुणाच्याही कलमासाठी परत देणार नाही.

कॅस्को_किनारा
परत मागतच नाहीये. मालकी आता तुमच्या गावातल्या लोकांची आहे ना? मग तुमच्या भाडेकरारात हे कलम घालायला तुम्हाला सगळ्यात सोपं. तुमच्या त्या मंडळींपुढे मांडाल का, तेवढं सांगा.

साउथ_एंड_स्प्रिंगफील्ड
मांडीन. ते ऐकतील असं वचन देत नाही.

हिशेब_दाखवा
आणि नव्वद दिवसांत गावाला एक पैसाही घालावा लागणार नाही, हेही त्याच कलमात लिहून घ्या. तरच माझा पाठिंबा.