महासाथीच्या काळातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे निकाल कसे वाचावेत?

प्रश्न:
आमच्या विभागातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा २०१८ ते २०२३ या वर्षांचा आढावा घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. २०२० आणि २०२१ मध्ये उत्तीर्णांचे प्रमाण आणि सरासरी गुण दोन्ही वाढलेले दिसतात, परंतु त्याच विद्यार्थ्यांना शिकवताना मला जे जाणवले, ते या आकड्यांशी जुळत नाही. हे निकाल कसे वाचावेत?

प्रतिसाद १:
त्या दोन वर्षांचे गुण आधीच्या वर्षांशेजारी मांडूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ला महासाथ म्हटले आणि पुढच्या काही आठवड्यांतच अनेक विद्यापीठांनी परीक्षा ऑनलाइन घेतल्या, कुठे पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्यास परवानगी दिली, तर कुठे श्रेणी न देता केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढीच नोंद केली. परीक्षाच बदलली असल्याने गुणांच्या वाढीवरून विद्यार्थी अधिक शिकले की कमी, हे ठरवता येत नाही.

प्रतिसाद २:
गुणांपेक्षा शोधप्रबंध सादर करायला लागलेला काळ पाहा. जे विद्यार्थी तेव्हा लेखनाच्या टप्प्यावर होते, त्यांचे काम बहुधा पुढे सरकले. मात्र ज्यांची माहिती गोळा व्हायची होती, त्यांच्या प्रयोगशाळा, क्षेत्रभेटी आणि अभिलेखागारे एकाच वेळी बंद झाली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी टाकून द्याव्या लागल्या, की टाळेबंदी उठल्यावर काम तिथूनच पुढे सुरू होत नाही, ते पहिल्यापासून करावे लागते. मुदतवाढ मिळाली तरी शिष्यवृत्ती त्या प्रमाणात वाढलीच असे नाही, आणि मला सर्वांत जास्त सलते ते हेच. ही हानी २०२० च्या नव्हे, तर पुढील वर्षांच्या तक्त्यांत उमटते, म्हणून वर्गवारी निकालाच्या वर्षाऐवजी प्रवेशाच्या वर्षानुसार करावी.

प्रतिसाद ३:
वरील मत पटते, तरी सगळेच बिघडले असे म्हणणे योग्य होणार नाही. मौखिक परीक्षा दूरदृश्य पद्धतीने होऊ लागल्यामुळे दूरचे परीक्षक मिळणे सोपे झाले, आणि नोकरी करणाऱ्यांना ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा खरा उपयोग झाला. मात्र लहान मुले किंवा आजारी माणसे सांभाळत शिकणाऱ्यांचा वेळ कमी झाला, आणि हा भार विशेषतः स्त्रियांवर पडला. त्यामुळे ज्यांनी नाव मागे घेतले किंवा अभ्यास स्थगित केला, त्यांचीही मोजणी करा. निकालपत्रकात ती माणसे दिसतच नाहीत.

प्रश्नकर्ता:
गळालेल्या विद्यार्थ्यांचा विचार माझ्याकडून राहून गेला होता. आता प्रवेशाच्या वर्षानुसार याद्या काढून प्रत्येकाचा तेव्हाचा टप्पा नोंदवतो.