पायावरची नाडी सापडत नाहीये, मदत हवी आहे

मिरजेत नर्सिंग फर्स्ट इयरला आहे, सोमवारी प्रॅक्टिकल. डॉर्सॅलिस पेडिस (पावलाच्या वरच्या बाजूची नाडी) काही केल्या लागत नाही. रूममेटला अंगठा वर उचलायला लावला, जी दोरीसारखी शीर (टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) ताठ होते तिच्या बाहेरच्या बाजूला तीन बोटं ठेवली, पण ठोका नाहीच, मधेच लागल्यासारखं वाटतं ते माझ्याच बोटाचं निघतं 😅 घोट्यामागची पोस्टेरियर टिबियल मात्र दोन्ही पायांत लगेच लागते. पाय गरम आहेत, सूज नाही, शुगर वगैरे काही नाही. डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) मिळणार नाही, फक्त बोटांनीच करायचंय. काही जणांत ही धमनी जन्मतःच नसते किंवा बारीक असते हे वाचलंय, मग मी जास्त दाबतेय की तिची खरंच नाहीये हे बोटांनी कसं ओळखायचं?