मदत हवी आहे: शोपँच्या ‘रेनड्रॉप’मधला नावडता भाग गाळून शिकू का?

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने पियानोवर शोपँ या संगीतकाराचा ‘रेनड्रॉप’ प्रेल्यूड (छोटी स्वतंत्र रचना) शिकतेय (त्याच्या ओपस २८ या २४ प्रेल्यूडच्या संचातला १५ वा). सुरुवात बसली, शेवटही बसला. मधला भाग मात्र मला अजिबात आवडत नाही. तो सोडून दिला तर चालेल का? ‘तुमची मर्जी’ एवढ्या उत्तरावर माझं भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी गोव्यातल्या फोंड्याची, वय ४७. वडील गावच्या भजनात पेटीवर साथीला बसायचे, त्यामुळे मला स्वर आधी पेटीवर कळले. नोटेशन वाचायला चाळिशीनंतर शिकले. दर शनिवारी बोरीच्या पुलावरून मडगावला टीचरकडे जाते. घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे. परीक्षेला बसायचं नाहीये. टीचरच्या घरी सगळे विद्यार्थी मिळून एका संध्याकाळी वाजवतात, तिथे हा पीस वाजवायची इच्छा आहे.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: एकूण ८९ बार (नोटेशनमधले तालाचे सारखे तुकडे). पहिले २७ डी फ्लॅट मेजर या स्केलमध्ये, २८ ते ७५ सी शार्प मायनरमध्ये, आणि ७६ पासून परत डी फ्लॅट मेजर. म्हणजे मी जे गाळायचं म्हणतेय ते ४८ बार, निम्म्याहून जास्त आहे. हिशोब केला तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

पेटीच्या भाषेत सांगायचं तर षड्ज काळी एक, पंचम काळी चार. ही काळी चार जवळपास पूर्ण पीसभर टपटपत राहते, त्यावरूनच पावसाचं नाव पडलं (ते शोपँनं स्वतः दिलेलं नाही). मधल्या भागातही षड्ज-पंचम जागचे हलत नाहीत, फक्त बिलावल (सगळे शुद्ध स्वर) जाऊन आसावरी थाट (ग, ध, नी कोमल) येतो. कागदावर पाच फ्लॅट (स्वर उतरवायच्या खुणा) जाऊन चार शार्प (स्वर चढवायच्या खुणा) येतात, ए फ्लॅटचा जी शार्प होतो, पण बोट त्याच पट्टीवर! हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले आणि त्या दिवशी खूप आनंद झाला. आवड मात्र तरीही निर्माण झाली नाही.

का आवडत नाही? सुरावट डाव्या हातात, अगदी खाली खर्जात जाते आणि पाय ओढत चालल्यासारखी चालते. उजवा हात तीच काळी चार ठोकत राहतो. मग आवाज वाढत वाढत फोर्टिसिमोपर्यंत (खूप जोरात) जातो, तोही दोनदा, आणि तिथे सप्तकाएवढा पंजा ताणून तेच ठोकायचं. माझं मनगट भरून येतं. आई आतल्या खोलीतून म्हणते, "पुरो गो तें. आदलेंच वाजय." (पुरे गं ते, आधीचंच वाजव.)

मागच्या आठवड्यात मी गाळून वाजवून पाहिलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. २७ वरून थेट ७६ वर उडी. सांधा कळतसुद्धा नाही, कारण दोन्ही टोकांना काळी चारच वाजत असते. पण ऐकताना काहीतरी खटकलं, म्हणून कागद घेऊन बसले. पहिल्या भागातच ती मूळ सुरावट २० व्या बारला एकदा परत येऊन गेलेली असते. मधला भाग काढला की लगेच ७६ ला ती पुन्हा दारात उभी. अंतरा न गाता मुखड्यामागून मुखडा घेतल्यासारखं वाटतं.

त्याहून मोठं नुकसान शेवटाचं. अगदी शेवटाकडे ती टपटप थांबते आणि उजव्या हाताची एकटी सुरावट वरून खाली उतरते. मला या पीसमध्ये सगळ्यात प्रिय काय असेल तर हीच जागा. रेकॉर्डिंगमध्ये ती आली तशी गेली. थेंबांचा आधी जीव नकोसा झालेलाच नसेल, तर ते थांबल्याचं सुख कुठून येणार?

टीचरना विचारलं तर एकच वाक्य: "पुराय वाजय, ना जाल्यार दुसरो पीस घे." (पूर्ण वाजव, नाहीतर दुसरा पीस घे.) त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि पटत नाहीही. आपल्याकडे पाच चरणांच्या अभंगातले दोनच गातात, कोणाला काही वाटत नाही. ख्यालातही कधी कधी अंतरा सोडतात. घरी एकटीनं वाजवताना आवडेल तेवढंच वाजवलं तर काय बिघडलं? पण चार लोकांसमोर ‘मी हा प्रेल्यूड वाजवतेय’ म्हणून असं वाजवायला मन धजत नाही.

आणखी एक शंका मनात आहे. मला हा भाग आवडत नाही, की जमत नाही म्हणून आवडत नाही? परवा लाइट गेले होते. टीचरच्या घरी ॲकूस्टिक पियानोवर नुसता डावा हात वाजवून पाहिला, अगदी सावकाश. आठेक बार एखाद्या संथ भजनासारखे लागले, खालच्या तारा घुमत राहिल्या. उजवा हात आला आणि सगळं परत ठोकाठोकीवर आलं. घरच्या डिजिटलवर तर तेवढंही होत नाही.

तर अनुभवी लोकांना विचारायचंय:

असा नावडता भाग नेटानं शिकल्यावर पुढे तो खरंच आवडू लागला, असं कोणाचं झालंय का? कशामुळे झालं तेही सांगा.

काळी चार सारखी वाजवताना मनगट सैल कसं ठेवायचं? मी बोट न बदलता वाजवते, तिथेच चुकतंय का? आणि ती खालच्या सुरावटीच्या वर येऊ नये म्हणून उजवा हात किती हलका ठेवता?

आणि मधला भाग सध्या बाजूला ठेवून त्या संध्याकाळसाठी याच २४ प्रेल्यूडमधला एखादा छोटा घेतला तर? ७ वा एकाच पानाचा आहे, १६ बारचा, तो मला झेपेल असं वाटतं. पण ‘रेनड्रॉप’ मग हातातून सुटेल अशीही भीती वाटते.

येत्या शनिवारी टीचरना काय ते सांगायचंय, त्याआधी कोणी लिहिलं तर फार बरं होईल.