मदत हवी आहे : गिम्साच्या काचपट्टीत चमकणारे ठिपके, थायलेरिया की मिथेनॉलचा दोष?

सोलापुरात पशुसंवर्धन पदविकेच्या मुलांचं रक्ताच्या काचपट्टीचं प्रात्यक्षिक सुरू आहे. संकरित गाईंच्या मानेच्या शिरेतून 18 गेजच्या सुईने रक्त घेऊन ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत सोडतो. नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीपालटी करायची, घुसळायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. मग काचेवर थेंब ठेवून दुसरी काच 30 ते 45 अंशांत ओढतात. थराच्या शेपटाकडचा, म्हणजे पातळ टोकाकडचा, भाग एकपदरी येतो, तिथे तक्रार नाही.

घोळ पुढे आहे. पेशी काचेवर पक्क्या करायला मिथेनॉलमध्ये 5 मिनिटं, मग 1:10 गिम्सा (पेशी रंगवायचं द्रावण) 30 मिनिटं. 100च्या भिंगाखाली, तेल घालून, तांबड्या पेशींत ठिपके दिसतात आणि मुलं लगेच ‘थायलेरिया’ (गोचिडांतून पसरणारा रक्तातला परजीवी) म्हणून मोकळी होतात! पण बारीक फोकस हलवला की ठिपके लखलखतात. परजीवी असा चमकत नाही; त्याचा निळसर देह आणि तांबूस केंद्रक पेशीबरोबरच फोकसमध्ये येतात. म्हणजे संशय ओलाव्यावर. मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढते. पण नव्या सीलबंद बाटलीनेही तेच, विशेषतः पावसाळी हवेत.

काचपट्टी पंख्याखाली वाळवता की ड्रायरच्या गार वाऱ्यावर? ईडीटीए टाळून कानाच्या टोकाचं ताजं रक्त घेतल्यास फरक पडतो का? आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्याने रंग निळाकाळा येतो, तर 7.2 पीएचच्या बफर गोळ्या सोलापुरात कुठल्या भागात मिळतील? पुण्याहून मागवायला वेळ जातो आणि परीक्षा तोंडावर आहे.