वाड्याचा ग्रुप : ‘मास्टर्स खेळला का?’

धाकटे काका (नाशिक): ‹फॉरवर्ड› 🙏 सुप्रभात 🙏 टायगर वूड्सच्या आधी अमेरिकेत एकाही कृष्णवर्णीयाने गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. त्याने तक्रार केली नाही, तो फक्त खेळला. गुणवत्तेला कोणी अडवू शकत नाही. मुलांना जरूर वाचायला द्या.

नंदुरबारचे मामा: 👏👏 अप्रतिम

शार्लटची वहिनी: काका, नमस्कार. हाच मेसेज मागेही आला होता, तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलते. चार्ली सिफर्ड हा कृष्णवर्णीय गोल्फर १९६७ साली ग्रेटर हार्टफर्ड ओपन जिंकला, १९६९ साली लॉस एंजेलिस ओपन. दोन्ही पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या मुख्य मालिकेतल्या स्पर्धा. टायगरचा जन्म १९७५चा. आणि हा सिफर्ड आम्ही राहतो त्या शार्लटचाच.

आत्या: रविवारच्या सत्यनारायणाला कोण कोण येणार ते आज सांगा. गुरुजींची वेळ ठरली आहे. केटरर आकडा मागतोय.

धाकटे काका (नाशिक): सूनबाई, मोठी स्पर्धा म्हणजे मास्टर्स. हा मास्टर्स खेळला का?

शार्लटची वहिनी: नाही खेळला. बोलावलंच नाही.

धाकटे काका (नाशिक): मग मेसेज बरोबर आहे.

ठाण्याची ताई: काका, मेसेजमध्ये मास्टर्सचं नावसुद्धा नाही. पत्र्याच्या हिशेबातही तुम्ही असंच केलंत, आधी ‘दुरुस्ती’ म्हणालात आणि मग त्यात रंग धरला.

धाकटे काका (नाशिक): तो विषय इथे नको. बिलं आबांकडे दिली आहेत.

बाळ (पुणे): वहिनी, दादा कुठंय? तो तर तिथे दर शनिवारी गोल्फ खेळतो म्हणे 😄

शार्लटची वहिनी: झोपलाय. इथे मध्यरात्र झाली आहे. बाळभावजी, थट्टा नंतर करा, मला हे नीट सांगू द्या. धाकटीचा शाळेचा प्रकल्प सिफर्डवर होता, महिनाभर आमच्या घरात हाच विषय होता. म्हणून ‘गुणवत्तेला कोणी अडवू शकत नाही’ हे वाक्य वाचलं की मला राग येतो. त्याला अडवलं होतं, आणि तेही लेखी नियम करून. १९३४पासून पीजीए या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या घटनेत कलमच होतं, सभासद फक्त गोऱ्या वंशाचे. ते गेलं नोव्हेंबर १९६१मध्ये. सिफर्ड १९२२चा. म्हणजे कलम गेलं तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा. खेळाडूची उमेदीची वर्षं सगळी त्याच्या आधीच संपली.

नंदुरबारचे मामा: बापरे. पण मग तोवर पोट कसं भरत होता?

शार्लटची वहिनी: मामा, लहानपणी इथल्या क्लबात कॅडी होता, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहायचा. दिवसाला साठ सेंट मिळायचे, पन्नास आईला द्यायचा. तेराव्या वर्षी पार फोडत होता, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटक्यांत मैदान पुरं करत होता. सतरा-अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाला गेला, तिथल्या सार्वजनिक मैदानावर काळ्यांना खेळता यायचं. मग दुसऱ्या महायुद्धात सैन्यात. १९४८ला व्यावसायिक झाला आणि बिली एकस्टाइन या गायकाकडे राहिला. त्याला गोल्फ शिकवायचं, त्याची गाडीही चालवायची. काळ्या खेळाडूंची वेगळी नॅशनल ओपन असायची, ती सहा वेळा जिंकला. सहा वेळा!

धाकटे काका (नाशिक): सहा वेळा जिंकला ते ठीक. पण मास्टर्स खेळला का, एवढंच विचारतोय.

बाळ (पुणे): काका, रेकॉर्ड अडकली 😂

धाकटे काका (नाशिक): बाळ, तुझ्या वयाच्या दुप्पट माझी नोकरी झाली आहे. नीट बोल.

माई: बाळ, काकांशी असं बोलायचं नाही. 👍 सगळ्यांना शुभ दिवस.

शार्लटची वहिनी: आणि ‘तक्रार केली नाही, फक्त खेळला’ याबद्दल. १९५२ची फिनिक्स ओपन. सिफर्ड आणि त्याचे काळे सोबती सकाळी सगळ्यांत आधी खेळायला गेले. पहिल्या होलशी पोचले तर त्या खळग्यात कोणीतरी माणसाची विष्ठा भरून ठेवली होती.

आत्या: अगं, इथे नाश्ता चाललाय!! पोहे पुढ्यात आहेत.

शार्लटची वहिनी: आत्या, माफ करा. पण मी ते वगळणार नाही. तो खेळायला गेला होता आणि त्याच्या पुढ्यात ते होतं.

ठाण्याची ताई: वगळूही नकोस. लिही तू.

शार्लटची वहिनी: १९६१ची ग्रीन्सबरो ओपन. आमच्याच राज्यात, नॉर्थ कॅरोलिनात, इथून जेमतेम दीड तासावर. अमेरिकेच्या दक्षिणेत पीजीएच्या स्पर्धेत खेळणारा पहिला काळा माणूस. पहिल्या दिवशी ६८ फटके, सगळ्यांच्या पुढे. रात्री धमकीचा फोन. दुसऱ्या दिवशी गोऱ्या माणसांचं टोळकं शिव्या देत चौदा होल मागे मागे, शेवटी पोलिसांनी बाहेर काढलं. तरी चौथा आला. गोल्फमध्ये चेंडू होलमध्ये घालायचा एक हलका फटका मारायचा तर सगळं मैदान श्वास रोखून धरतं. त्या खेळात चौदा होल शिव्या ऐकत खेळायचं!

नंदुरबारचे मामा: मी मगाशी 👏 टाकलं ते मागे घेतो.

धाकटे काका (नाशिक): मामा, तुम्ही लगेच पार्टी बदलता. बरं, मग ते कलम कोणी काढलं? खेळूनच निघालं असेल ना?

शार्लटची वहिनी: नाही काका. कॅलिफोर्नियाचा अॅटर्नी जनरल स्टॅनले मॉस्क. पीजीए चॅम्पियनशिप १९६२ला लॉस एंजेलिसला व्हायची होती. त्याने सांगितलं, हे कलम असेपर्यंत आमच्या राज्याच्या सार्वजनिक मैदानांवर तुम्हाला पाऊल ठेवू देणार नाही. पीजीएने काय केलं, स्पर्धा उचलून पेनसिल्व्हेनियाला नेली. पण दबाव हटेना, तेव्हा कुठे कलम निघालं. आणि सिफर्ड स्वतः मॉस्ककडे गाऱ्हाणं घेऊन गेला होता. तक्रार केली म्हणून झालं.

आत्या: रविवारचा आकडा. आतापर्यंत फक्त माई आणि आबा.

ठाण्याची ताई: आम्ही चौघं. पण पत्र्याचा हिशेब त्याच दिवशी सगळ्यांसमोर व्हावा.

आबा: हिशेब मी वाचून दाखवीन. इथे त्यावर लिहू नये. सुनेचं पूर्ण होऊ द्या.

धाकटे काका (नाशिक): आबा, माझा साधा प्रश्न आहे, मास्टर्स.

शार्लटची वहिनी: काका, त्यावरच येते. तेव्हा टूरची स्पर्धा जिंकली की मास्टर्स भरवणाऱ्या ऑगस्टा क्लबचं आमंत्रण आपोआप यायचं नाही. १९६७ला हार्टफर्डला शेवटच्या दिवशी ६४ फटक्यांत खेळून एका फटक्याने जिंकला, वय पंचेचाळीस. आमंत्रण नाही. १९६९ला लॉस एंजेलिसला हॅरॉल्ड हेनिंगला प्लेऑफमध्ये हरवलं, वय सेहेचाळीस. हेनिंग दक्षिण आफ्रिकेचा गोरा खेळाडू, वर्णभेदाच्या काळातला. तरी आमंत्रण नाही. टूर जिंकणाऱ्याला थेट प्रवेश हा नियम १९७२पासून आला, तेव्हा सिफर्ड पन्नाशीला टेकला होता. त्या नियमाने आत गेला ली एल्डर, १९७५ला. मास्टर्समधला पहिला काळा खेळाडू. तुम्ही विचारता ‘खेळला का’. मी म्हणते, हा प्रश्न ऑगस्टाला विचारा.

बाळ (पुणे): वहिनी 🔥 हे माहीत नव्हतं. टायगरला माहीत होतं का?

शार्लटची वहिनी: चांगलंच. १९९७ला मास्टर्स जिंकल्यावर त्याने सिफर्ड, एल्डर आणि टेड ऱ्होड्स या काळ्या गोल्फरांचं नाव घेतलं. सिफर्डला तो आजोबा मानायचा. त्याच्या मुलाचं नाव चार्ली, ते सिफर्डवरूनच ठेवलंय.

धाकटे काका (नाशिक): टायगरच्या मुलाचं? तो छोटा खेळतो तोच?

शार्लटची वहिनी: तोच.

धाकटे काका (नाशिक): हम्म.

माई: पुढे त्या माणसाला काही मान मिळाला का गं?

शार्लटची वहिनी: मिळाला माई, पण फार उशिरा. २००४ला गोल्फचा हॉल ऑफ फेम, तिथे गेलेला पहिला काळा खेळाडू. २०१४ला ओबामांनी राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक दिलं, गोल्फरांमध्ये त्याच्याआधी फक्त निक्लॉस आणि पामर. फेब्रुवारी २०१५ला गेला, ब्याण्णवाव्या वर्षी. आमच्या इथल्या रेव्होल्यूशन पार्कच्या सार्वजनिक मैदानाला २०११ला त्याचं नाव दिलं. त्याच मैदानावर एके काळी काळ्यांना खेळायला बंदी होती, कोर्टात जावं लागलं तेव्हा उठली.

धाकटे काका (नाशिक): मी मेसेज लिहिला नव्हता, फॉरवर्ड केला होता. पण तो बँकेच्या पेन्शनर ग्रुपवरही गेलाय. तिथे दोघे गोल्फवाले आहेत. १९६७ हार्टफर्ड आणि १९६९ लॉस एंजेलिस, बरोबर?

शार्लटची वहिनी: बरोबर. आणि कलमाचं १९६१ जरूर लिहा काका. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल.

धाकटे काका (नाशिक): लिहितो. मास्टर्सचंही लिहितो, बोलावलं नाही म्हणून.

आत्या: काका, पेन्शनर ग्रुपवर जायच्या आधी आकडा. तुम्ही दोघं की तिघं?

धाकटे काका (नाशिक): तिघं. आणि ताई, रंगाचं बिल घेऊन येतोय.