मदत हवी आहे: हुमण-शीत (नारळाच्या वाटणातली माशांची आमटी आणि भात) न सोडता घरच्यांचं वजन आटोक्यात कसं आणावं?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याजवळ राहते. घरात पाच जण: सासू-सासरे, नवरा, मी आणि नववीतला मुलगा. सासऱ्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. नवऱ्याचं काम दिवसभर बैठं, पोट सुटलंय. माझी कंबर 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली आहे. भारतीय बायकांसाठी धोक्याची रेघ तिथेच धरतात, पुरुषांसाठी 90. तपासणीला गेलो तेव्हा खाण्याचा एक छापील तक्ता हातात मिळाला: ओट्स, ब्राऊन ब्रेड, ब्रोकोली, पनीर. यातलं काहीच आमच्या घरात रोज शिजत नाही, आणि जे शिजतं त्याबद्दल त्या कागदावर एक ओळ नाही.

2023 मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा मधुमेहावरचा देशभराचा अभ्यास आला. त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वात जास्त निघालं, 26.4 टक्के. म्हणजे हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नाही, म्हणून सविस्तर विचारते.

पहिली अडचण नारळाची. पाच जणांच्या हुमणाला सासूबाई अख्खा नारळ घेतात. खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच, सगळं गंधासारखं वाटायचं, मग बांगडे आणि ठेचलेली तिरफळं. भाजीवर वरून खोबरं वेगळं, आणि सोलकढी केली की तिच्यासाठी नारळाचा रस वेगळा. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी असतात, त्यातल्या बहुतेक चरबीच्या. नारळ बंद करायचा विचार मनातही नाही. पण एकाच जेवणात तो तीन वाटांनी येतो, तो एका वाटेने यावा असं वाटतं. वाटण कमी केलं की हुमण पाण्यासारखं होतं आणि सासरे ताट बाजूला सारतात. दाटपणा राखून खोबरं कमी कसं करायचं?

दुसरी अडचण शिताची. आम्ही उकडे तांदूळच खातो आणि ते सोडायचे नाहीत. उकडताना कोंड्यातलं ब1 जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा ते केव्हाही बरे. पण कॅलरी दोन्हीत जवळपास सारख्याच, आणि आमच्याकडे भाताचा डोंगर नि बाजूला चमचाभर भाजी अशी रीत. मी आता ताटात आधी भाजी वाढते, मग नुस्तं (मासे), आणि शीत शेवटी. नवऱ्याला हे जमलंय. सासूबाई मात्र डाव हातात घेऊन "आनीक मात्शें वाडूं?" (अजून थोडं वाढू?) असं विचारतात, आणि त्यांना नाही म्हणणं कोणालाच जमत नाही. त्यांची माया त्या डावातच आहे, ती दुखवायची नाही. अशा वेळी तुम्ही घरात काय करता?

संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की मुलगा धावतो. चहाबरोबर दोन पाव आणि पातळ भाजी, आणि तासाभराने पुन्हा भूक. पोई (कोंड्याचा पाव) घ्यावी म्हटलं, तर आमच्याकडे येणारी पोई आतून पांढरीफेक, कोंडा नुसता वरून लावलेला.

आणि पावसाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ताजं नुस्तं महाग आणि कमी, मग सुके बांगडे, सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर), लोणचं आणि पेज. सासऱ्यांचं बीपी नेमकं त्याच दिवसांत वर जातं. दिवसाला एकूण 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात, ते सुक्या नुस्त्याच्या एका तुकड्यासोबत कसं पाळायचं?

एकाच टोपात सगळ्यांचं शिजेल असंच सुचवा. ज्यांनी घरात असा बदल करून टिकवला आहे त्यांचं ऐकायला आवडेल.

---

तिरफळ:
ताई, हुमणाचं सांगते. अर्धा नारळ घ्या आणि वाटताना त्यात चमचाभर भिजवलेले उकडे तांदूळ घाला. दाटपणा येतो, चव बिघडत नाही. माझी आई नारळ महाग झाला की हेच करायची. दुसरं, आठवड्यातून दोनदा आंबट-तीक (आंबट-तिखट माशांची आमटी) करा. त्यात खोबरं लागतच नाही, मिरची-चिंचेच्या वाटणावर उभं राहतं, आणि मोरी (शार्क मासा) असली तर सासरे खुशीने जेवतील. सोलकढी हुमणाच्या दिवशी नको. त्या दिवशी नुसतं सोलांचं सार करा, बिननारळाचं. तळणाकडेही बघा. रवा लावलेला बांगडा तेल पितो आणि मोठ्या चमचाभर तेलात जवळपास 120 कॅलरी असतात. मीठ-मिरची-हळद लावून तव्यावर थोड्या तेलात झाकण ठेवून भाजा.

रानमोगरा:
पावसाळ्याचं उत्तर बाजारातच बसलेलं असतं. तायकिळो, कुड्डुक, अळूं, फागलां अशा पावसाळी भाज्या, सगळं त्याच दोन महिन्यांत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावातल्या बायका जुड्या घेऊन बसतात, तुमच्या फोंड्यालाही मिळतील. आम्ही त्या दिवसांत मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी), अळसांदे, चवळी आलटून पालटून करतो. प्रथिनं तिथून येतात, माशांची उणीव भासत नाही. सुकं नुस्तं हवंच तर आधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या आणि किसमुरीत वरून मीठ घालू नका. मीठ कमी होतं, जात नाही, तेव्हा सासऱ्यांना चवीपुरतंच. लोणच्याची बरणी मात्र टेबलावरून उचला. समोर दिसली की हात जातोच.

साळगाव:
एक महत्त्वाचं. सासरे शुगरच्या गोळ्या घेतात ना, मग त्यांचं शीत एकदम अर्ध्यावर आणू नका. काही गोळ्यांवर आणि इन्सुलिनवर जेवण अचानक घटलं की साखर खाली जाते: घाम, थरथर, डोकं हलकं होणं. आधी डॉक्टरांशी बोला, गोळीचं प्रमाण बदलावं लागू शकतं. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणानंतर दोन तासांनी बघत चला. आमच्या बाबांना सांगून पटेना, पण पेजेच्या दिवसाचा आणि भाजी-डाळीच्या दिवसाचा आकडा शेजारी शेजारी दिसला तेव्हा त्यांनीच वाटी लहान मागितली.

फोंड्याची सून:
मनापासून आभार. साळगाव, गोळ्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सासऱ्यांचं ताट डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवत नाही. तिरफळताई, तांदळाची युक्ती सासूबाईंना सांगितली तर म्हणाल्या, आमच्या माहेरी असंच करायचे. आज वाटण त्यांनीच केलं, अर्ध्या नारळाचं. हुमण दाट झालं होतं, सासऱ्यांनी काही विचारलं नाही, जेवले. डावाचंही त्यांच्याशी बोलले: भाजीचा डाव त्यांच्या हाती, शिताचं ज्याने त्याने वाढून घ्यायचं. त्यांना "आनीक मात्शें" म्हणायला तांबडी भाजी आहे.

मुलाच्या संध्याकाळच्या भुकेचं अजून कोणी बोललं नाही. नाचण्याचं तिजान (गोड पातळ लापशी) त्याला आवडतं, पण त्यात गूळ आणि नारळाचा रस दोन्ही असतात. ताक घालून मिठाची आंबील कोणी मुलांना देतं का? देत असाल तर पिठाचं आणि ताकाचं प्रमाण सांगा.