आक्षेपार्ह पोस्टचा स्क्रीनशॉट फिरवणं : जाब की झुंडशाही?

धागाकर्ता : जातीवरून, बायकांवरून घाणेरडं लिहिणाऱ्या सामान्य माणसाचा स्क्रीनशॉट नाव-फोटोसकट फिरवणं आणि त्याच्या कंपनीला टॅग करणं मला चूक वाटतं. नोव्हेंबर २०१२ मधलं पालघर आठवा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. ऑनलाइन लिहिलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द व्हायला मार्च २०१५ उजाडलं.

निर्झर : पालघर इथे लागू नाही. तिथे बलाढ्य पक्ष आणि पोलीस एका बाजूला होते, आणि पोस्टमध्ये आक्षेपार्ह काही नव्हतंच. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) मध्ये अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला तरच गुन्हा धरतात. मग अपमान चारचौघांत आणि जाब इनबॉक्समध्ये, हे कसं?

धागाकर्ता : जाब त्याच पोस्टखाली, चारचौघांतच विचारा. पत्ता, नोकरी, घरच्यांचे फोटो कशाला?

कोरा कागद : दोघांनाही सांगतो, स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ब्राउझरमधल्या ‘इन्स्पेक्ट’ या सोयीतून पानावरचा मजकूर आपल्या स्क्रीनपुरता बदलून कोणाच्याही नावावर हवं ते वाक्य मिनिटभरात टाकता येतं. पोस्टची आणि प्रोफाइलची पूर्ण लिंक, तारीख, वेळ जपा. नाव-आडनाव पुरत नाही, यूजरनेम लागतं. भलत्याच माणसावर तुटून पडतात ते इथेच. लिंक दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते आणि हॅश, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा सांकेतिक क्रमांक, बदलतो. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तोच लिहायचा असतो. आणि रिपोर्ट सगळ्यात शेवटी. आधी केलात तर पोस्टबरोबर पुरावाही जातो.

निर्झर : हे पटलं. पण अंतर्गत गुण देणारा प्राध्यापक राखीव जागांवरच्या मुलांबद्दल असं लिहीत असेल, तर संस्थेला कळायलाच हवं.

धागाकर्ता : कळवा की, लेखी, लिंक जोडून, पोच घेऊन. हजारो लोक टॅग करू लागले की संस्था त्याला चौकशी न करता घाईने काढून टाकते, आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर तो कोर्टातून परत येऊ शकतो. मग त्या मुलांना काय मिळालं?

निर्झर : आणि पत्राला उत्तरच आलं नाही तर?

धागाकर्ता : पंधरा दिवस थांबा. मग पत्र आणि पोच जाहीर करा, संस्थेच्या नावानिशी. त्या माणसाचं नाव झाका.

निर्झर : शेवटचं मान्य नाही. पोस्ट त्याने स्वतःच्या नावाने टाकली होती.